बेटावर चुली एकोणीस

तुमच्या घरात चुली किती?

माणसं किती हे मी विचारत नाही. खोल्या किती हेही नाही. चुली किती, तेवढं सांगा. आणि त्यांत अशी एखादी चूल आहे का, जिच्यावर एकच बाई एकटीपुरती एकच भाकरी भाजते, आणि घरातली माणसं मोजताना तुम्ही तिला नेमकी विसरता? लगेच उत्तर देऊ नका. आधी आमच्या बेटाचं ऐका.

सेलू सोडून दुधना पुढं गेली की एका ठिकाणी तिचे दोन फाटे होतात आणि कोसभर गेल्यावर पुन्हा एक होतात. मधे जे उरतं ते आमचं बेट. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत आम्ही बेटावरचे. नदी आटली की आम्ही काठावरच्या गावाचे, आणि तेव्हाच तिथल्या निवडणुकीच्या उमेदवारांना आमची आठवण व्हायची. बेटाच्या वरच्या अंगाला शेतकऱ्यांची तीन घरं होती, जमीन त्यांची. खालच्या अंगाला आमची बौद्धांची आठ घरं. आम्ही त्यांच्या रानात राबायचो आणि हंगामात आमचे पुरुष सेलूच्या जिनिंगवर जायचे.

आठाचं नववं घर होणं शक्य नव्हतं. पुराचं पाणी चढत नाही असा उंचवटा खळ्याएवढाच. त्याच्या एका बाजूला पाण्याची खूण, दुसऱ्या बाजूला वरच्या घरांचे गोठे. त्यामुळं आमच्यात मुलाचं लग्न झालं की त्याला घर मिळत नसे, चूल मिळे. सासू सुनेला घेऊन नदीवर जायची, पांढरी माती आणायची, तिच्यात भुसा आणि शेण कालवून सुनेच्या हातानं चूल घालून घ्यायची. काठावरच्या गावात चूल वेगळी झाली की लोक विचारतात, भांडण कशावरून झालं? आमच्यात विचारायचे, माती कुठली आणली? अशा आठ घरांत एकोणीस चुली झाल्या होत्या. आणि एकोणीस चुली म्हणजे एकोणीस संसार, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

झोपण्याचा हिशोब मात्र निराळा. बिनलग्नाची पोरं सगळी आमच्या ओसरीवर. म्हातारे विहाराच्या छपरात. लेकुरवाळ्या थोरल्या काकूच्या घरात, कारण तिचं छप्पर गळत नसे. आणि एक घर होतं कडीचं. बेटावर आतून कडी लागणारं ते एकमेव दार. नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं त्या घरात राहायचं, आणि पुढचं लग्न झालं की गाठोडं उचलून बाहेर पडायचं. एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन लग्नं लागली. त्यातल्या पहिल्या जोडप्याला कडी सव्वा महिनाच मिळाली. त्यांना आता तीन मुलं आहेत, तरी ते अजून कुरकुरतात.

माझ्या आत्याला कडीचं घर मिळणार नव्हतं. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ती बेटावर परत आली आणि पुन्हा गेली नाही. आमच्या घरात, कणगीच्या मागं, तिनं स्वतःच्या हातानं चूल घातली होती. आई म्हणायची, "वन्सं, आमच्यातच खावा की." आत्या म्हणायची, "खाईन की. पर माझी चूल मोडून न्हाई." ती उंच, दांडग्या खांद्यांची होती. कापूस वेचताना तिची ओळ सगळ्यांच्या आधी संपायची. आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या चोळीत गुंडाळलेली, मानवतच्या बाजारातून आणलेली एक लोखंडी कडी होती. कोयंड्यासकट.

मी एकदा विचारलं, "आत्या, दार कुठंय?"

"दार हुईल. आदी कडी."

हे सगळं घडलं त्या वर्षी मी मॅट्रिक झाले होते. बेटावरची पहिली. माझं खरं शिक्षण मात्र भिंतीवर झालं. वडील जिनिंगवरून येताना शहरात वाटलेली पत्रकं घेऊन येत, आणि आई ती खळ लावून कुडाच्या भिंतीला चिकटवी. त्यानं वारा अडायचा, माती झडायची नाही. मी अक्षरं त्या भिंतीवर शिकले. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळं काही पत्रकं उलटी लागली होती. समतेबद्दलचे माझे बरेचसे विचार मी मान खाली घालून, पायांच्या मधून वाचलेले आहेत. तरीही ते सरळ आहेत असं माझं मत आहे.

त्या कार्तिकात काठावरून हलगी वाजली. गावचा कोतवाल पलीकडच्या दरडीवर उभा राहून ओरडला, "बेटवाल्यांनो, ऐका. ज्यांला जमीन न्हाई त्यांला काठावर घराला जागा मिळणार हाय. यादी कराया शनवारी तालुक्याचा सायेब येणार. ज्याची चूल त्याचं कुटुंब. कुटुंबामागं एक जागा."

आत्या त्या वेळी भांडी घासत होती. तिनं हात धुतले, घरात गेली, पेटी उघडून पाहिली आणि पुन्हा येऊन भांडी घासू लागली.

आता मी काय केलं ते सांगते. लपवण्यात अर्थ नाही, आमच्यात अजून रोज कुणीतरी सांगतंच.

माझ्याकडं एक नवं पत्रक आलं होतं. चूल ही बाईची बेडी आहे, असं त्यात छापलं होतं. वेगवेगळ्या चुली मोडा, एकत्र रांधा, वाचलेला वेळ लढ्याला द्या. मी तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा बायकांना जमवून मोठ्यानं वाचून दाखवलं. कमावते पुरुष जवळजवळ सगळे सेलूला होते, त्यामुळं सभा शांत झाली. वाचून झाल्यावर थोरली काकू म्हणाली, "बरूबर हाय. तसंबी जळण संपलंय." कापसाच्या नव्या पऱ्हाट्या निघायला अजून तीन महिने होते. एका चुलीला एकोणिसांपेक्षा जळण कमी लागतं, हे सगळ्यांना पटलं. मी समजले, विचार पटला.

"पर शनवारी सायेब येणार हाय," आई म्हणाली.

"शनिवारला तीन दिवस आहेत. साहेबाला सांगू एकोणीस कुटुंबं आहेत म्हणून."

इथवरसुद्धा निभावलं असतं. पण जुनं मोडल्याशिवाय नवं टिकत नाही, असं त्याच पत्रकात खाली बारीक अक्षरात होतं. मी बायकांना चुली फोडायला लावल्या. बुधवारी दुपारी, उलथन्यानं, अठरा चुली. काही बायकांना मजा वाटली, दोघी रडल्या, एकीनं नमस्कार करून मग घाव घातला आणि मी तिला अंधश्रद्धेवरून बोलले.

आत्यानं आपल्या चुलीवर पाटी उपडी घातली आणि त्या पाटीवर बसली.

"आत्या, ऊठ."

"न्हाई."

"हा व्यक्तिवाद आहे."

"असंल. मी त्याच्यावर बसलेय."

गुरुवारी सकाळी पहिला एकत्र स्वयंपाक. आठही घरांचं पिठलं मावेल असं भांडं बेटावर एकच होतं, गुळाची मोठी कढई. ती वरच्या घरांची, आणि गुऱ्हाळ नसेल तेव्हा तीच आमची नाव. तिच्यात बसूनच सगळे नदी ओलांडायचे, वरचे आणि खालचे, गुडघ्याला गुडघा लावून. पाण्यावर असताना कढई बाटत नसे. आमच्या पिठल्यानं मात्र ती बाटली, आणि वरच्या घरांनी ठरवलं की आता तिच्यात पाय ठेवायचा नाही. हा निर्धार दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मानवतचा बाजार होता.

तर नाव चुलीवर चढली. तीन दगड मांडले, पीठ कालवलं. एवढं पिठलं ढवळायला उलथनं कुठं पुरणार? आत्यानं वल्हं घेतलं, धुतलं, पदर खोचला आणि ढवळायला लागली. मिठाचा अंदाजही तिलाच. सगळ्या बायका भोवती बसल्या होत्या, कुणालाच काही काम नव्हतं, आणि काम नसल्यामुळं त्यांना करमत नव्हतं. मी लढ्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"ओ, नाव आणा. मी यादीवाला."

शनिवारी त्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा होता, म्हणून तो गुरुवारीच आला होता.

"थांबा सायेब," काकू ओरडली, "नाव शिजायलीय."

यादीवाला दरडीवरच्या दगडावर बसला.

मग घराघरातून पातेली, घागरी, तांबे आले. पिठलं उपसलं. बुडाला लागलेलं खरवडायला वेळ नव्हता. आमच्यातला बेटावर राहिलेला एकच धडधाकट पुरुष म्हणजे नाव चालवणारा माझा चुलता. त्यानं दोन पोत्यांनी धरून कढई नदीत सोडली तेव्हा ती चर्रकन वाजली आणि तिच्यातून वाफ आली. कारकून बेटावर उतरला तो डोक्यावर वही धरून, आणि त्याची पँट मागून हळदीनं पिवळी झालेली. चुलता त्याला म्हणाला, "सायेब, साखरपुड्याच्या आदीच हळद लागली."

तो हसला नाही. त्याला लवकर परतायचं होतं.

"चुली किती?"

माझ्या तोंडात एकोणीस होतं. अगदी जिभेवर. पण त्यानं ते असं विचारलं, जणू दर चुलीमागं एक भांडण मोजायचं आहे, आणि माझ्या अंगात पत्रक संचारलं. "एक," मी म्हणाले. मग त्या एकावर पाच मिनिटं बोलले. आईनं मला चिमटा काढला. मला वाटलं, ती दाद देतेय.

कारकुनानं भाषण मधे तोडलं नाही. त्यानं तीन दगडांची चूल पाहिली. मग उठून दोन घरांत डोकावला, फुटलेली माती पाहिली. "वा," तो म्हणाला, "काम सोपं केलंत." टोपण काढलं आणि शाईनं लिहिलं, कुटुंब क्रमांक एक. "कुटुंबप्रमुख कोण?"

 सगळ्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मग एकेकीची नजर तिच्यावर जाऊन थांबली, जी हातात वल्हं घेऊन उभी होती. कारकुनानं आत्याचं नाव विचारलं, लिहिलं, अंगठा घेतला. "व्यक्ती?" "एकसष्ट," कुणीतरी म्हणालं. तेही शाईनं. पाव तासात तो परत कढईत.

कढई मध्यावर गेली तेव्हा आईनं बेटावरून विचारलं, "सायेब, मग जागा किती?"

"एक कुटुंब, एक जागा," तो तिकडून म्हणाला.

एकसष्टांतले जेवढे तिथं होते तेवढे सगळे माझ्याकडं वळले. आत्या जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"पोरी, मला एक खोली पायजे व्हती. तू मला अख्खं बेट दिलंस."



कारकुनाला परत आणण्याचं काम चुलत्यानं केलं. भांडला नाही, बोलला नाही. फक्त वल्हं एकाच बाजूनं मारत राहिला. कढईला नाक नसतं, शेपूट नसतं. ती एकदा गिरकी घ्यायला लागली की घेतच राहते. बेटावरून आम्हाला दिसत होतं, साहेब पूर्वेला तोंड, पश्चिमेला तोंड, पुन्हा पूर्वेला. सहाव्या-सातव्या गिरकीला तो म्हणाला की शनिवारी सकाळी येतो, साखरपुड्याच्या आधी. पण पेटवलेली चूल डोळ्यांनी पाहीन, तरच कुटुंब लिहीन.

शुक्रवारी बेटावर असा चिखल झाला की तसा पुरातही झाला नव्हता. अठरा चुली घालायच्या, वाळवायच्या, काळ्या करायच्या. ज्या सासवांनी सुनांना एकदा चूल घालायला शिकवलं होतं, त्या पुन्हा शिकवत होत्या, आणि पहिल्या वेळी जे बोलायचं राहून गेलं होतं तेही आता बोलून घेत होत्या. मी माती वाहिली. कुणी मला काही म्हणत नव्हतं, फक्त पाटी डोक्यावर देताना जरा जास्त भरत होते. संध्याकाळी ओल्या चुली पेटेनात. तेव्हा मी घरात गेले आणि माझा पत्रकांचा गठ्ठा आणला. एकेका चुलीत दोन दोन घातली. चूल ही बेडी आहे असं सांगणारं पत्रक सगळ्यांत चांगलं पेटलं. काकू म्हणाली, "बघ, कामाला आलं का न्हाई?"

शनिवारी कारकून आला. या वेळी कढई धुतलेली होती आणि त्यानं खाली घालायला सोबत वर्तमानपत्र आणलं होतं. घरोघर वाकून पाहू लागला. काकूच्या चुलीला त्यानं अंगठा लावला आणि अंगठा आत गेला.

"ही तर कालची चूल आहे."

"चूल कालची असंल," काकू म्हणाली. "भूक लय जुनी हाय."

त्यानं अंगठा पुसला आणि लिहिलं. त्या चुलीवर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पुढं वर्षभर होता. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, सरकारची सही म्हणून. अशी त्यानं अठरा कुटुंबं लिहिली. मग आमच्या कणगीमागं आला. आत्यानं पाटी उचलली. खाली काळीभोर, वर्षानुवर्षांची चूल, राखेत धुगधुगता निखारा. बेटावरची एकमेव खरी जुनी चूल.

"ही कुणाची?"

"माजी."

"घरात कोण कोण?"

"मीच."

त्यानं टोपण लावलं. "बाई, एकटीचं कुटुंब होत नाही. नवरा?"

"त्याचं त्याच्याकडं हाय."

"मग भावाच्यात धरतो."

"भावाची चूल तिकडं हाय. ती तुमी लिवली. ही माजी."

"असं करू," तो समजुतीनं म्हणाला आणि खिशातून पेन्सिल काढली. "बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवतो. वर विचारतो. बघू."

मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मिटलं. त्या आठवड्यातलं माझं ते सर्वांत उपयोगी काम.

"सायेब," आत्या म्हणाली, "गुरवारी मी एकसष्ट जनांची परमुक व्हते का न्हाई?"

"ते चुकीनं."

"अंगठा माजा हाय ना तिथं?"

"आहे."

"शाईचा?"

कारकुनानं वही उघडली. पानावर छापील क्रमांक होते. पान फाडता येत नव्हतं, शाई पुसता येत नव्हती, आणि कुटुंब क्रमांक एक खोडलं तर का खोडलं याचा खुलासा द्यावा लागला असता. शिजणारी नाव, गिरक्या, हळद, सगळंच लिहावं लागलं असतं.  बाहेर चुलता वल्हं जमिनीवर हळूहळू आपटत होता.

"एकसष्टातले साठ मी आज पुढं लिहिलेच आहेत," तो शेवटी म्हणाला. आम्हाला नव्हे, वहीला. "मग इथं उरला एक." त्यानं एकसष्टवर रेघ मारली, वर एकचा आकडा काढला, शेजारी सही केली. आत्याचं नाव जागचं हललं नाही. यादीत पहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्या म्हणाली, "च्या घेता का, सायेब?" आणि त्याच चुलीवर त्याला चहा करून दिला. त्याला साखरपुड्याला उशीर झाला असावा.

जागा मिळायला दोन पावसाळे गेले. आता काठावर आमच्या एकोणीस खोल्या आहेत, सारख्या, एका ओळीत, प्रत्येकीला दार. पहिली आत्याची. दार बसवलं त्याच दिवशी तिनं पेटीतली कडी काढली, सुताराला स्वतः उभं राहून जागा दाखवली. दुपारी आम्ही सगळ्या खोली बघायला गेलो तर दार आतून बंद.

"आत्या."

"कोण हाय?"

"आमी."

"थांबा जरा."

आम्ही उन्हात उभ्या राहिलो. आई दाराच्या फटीतून बघत होती. "काय करायल्यात वं आत?" कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, "काय न्हाई. नुसत्या बसल्यात." थोड्या वेळानं कडी वाजली, दार उघडलं आणि आत्यानं आम्हाला आत बोलावलं.

एकत्र चुलीवरचा माझा विश्वास उडालेला नाही. तिथं पिठलं चांगलं झालं होतं, आणि जळणही वाचलं होतं. पण जिची चूल अजून कुठं मोजलीच गेलेली नाही, तिला ती फोड म्हणून सांगायचा अधिकार मला नव्हता. हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसल्यामुळं मला दिवसभर चिखल वाहून शिकावं लागलं.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. अशा याद्या सारख्या होत असतात, रेशनच्या, मतांच्या, जागांच्या. उद्या वही घेऊन कुणी तुमच्या दारात आला की उत्तर द्यायच्या आधी आत जा. कणगीमागं, पडवीत, जिन्याखाली बघा. तिथं एकटी रांधणारी कुणी असेल, बहीण, आत्या, विधवा चुलती, तर तिला हाताला धरून पुढं आणा. तिचं नाव तिलाच सांगू द्या. आणि लिहिणाऱ्यानं पेन्सिल काढली, तर ती त्याच्या हातातून घ्या आणि आपला पेन द्या.